उभे राहण्याचाही खर्च असतो : तोल, विचार आणि मेंदूचे मापन

विहाराच्या पायऱ्या उतरणाऱ्या एखाद्या वृद्ध उपासिकेला आपण मागून हाक मारतो, "आजी, कुठे निघालात?" काही आजी उतरता उतरताच उत्तर देतात. काही मात्र आधी थांबतात, कठड्यावर हात ठेवतात आणि मग बोलतात. त्यात आपल्याला वावगे काही दिसत नाही. स्वीडनमधील तीन संशोधकांनी मात्र नेमक्या या थांबण्याकडेच लक्ष दिले. वृद्धांच्या निवासातील ५८ व्यक्तींबरोबर चालताना त्यांनी साधे संभाषण सुरू केले आणि उत्तर देण्यासाठी कोण थांबते याची नोंद ठेवली. १२ जण थांबले. पुढील सहा महिन्यांत या १२ पैकी १० जण पडले. जे न थांबता बोलत राहिले होते, त्या ४६ पैकी ११ जण पडले. १९९७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. कोणतेही यंत्र न वापरता केलेल्या या निरीक्षणाने एक मोठा प्रश्न पुढे आणला : बोलण्यासाठी थांबावे का लागते? चालण्याचे आणि बोलण्याचे अवयव तर वेगळे आहेत!

उत्तर असे की, दोन्ही कामांचा खर्च एकाच तिजोरीतून होतो. ती तिजोरी म्हणजे मेंदूची अवधानशक्ती. ती मर्यादित आहे. उभे राहणे, चालणे, तोल सांभाळणे ही कामे आपण फुकटात होणारी समजतो. पण त्यांचाही खर्च पडतो आणि तो आता यंत्रांनी काही अंशी मोजता येतो. मी इतिहासाचा शिक्षक आहे. मेंदूविज्ञान हा माझा अभ्यासविषय नाही. तरीही या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, कारण माणसाच्या डोक्याचे मोजमाप करण्याच्या प्रथेला एक इतिहास आहे आणि त्या इतिहासाची झळ आपल्या समाजाला लागलेली आहे. जुने मोजमाप आणि नवे मोजमाप यांत फरक काय, हे आपल्या विद्यार्थ्यांना व पालकांना ठाऊक असले पाहिजे.

तोल म्हणजे काय?

माणूस दोन पायांवर उभा असतो तेव्हा तो दगडी खांबासारखा स्थिर नसतो. तो सतत किंचित पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुलत असतो. तळहातावर उभी काठी पेलणारा मुलगा जसा हात क्षणोक्षणी हलवत राहतो, तसे आपले घोटे, गुडघे आणि कंबर शरीराला क्षणोक्षणी सावरत असतात. या सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी मिळते. डोळे भोवतालच्या वस्तूंच्या संदर्भाने शरीर सरळ आहे की नाही हे सांगतात. आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारील संवेदी पिशव्या डोक्याची हालचाल व कल ओळखतात. तळपाय, स्नायू आणि सांधे शरीराचा भार कुठे पडतो आहे ते कळवतात. मस्तिष्कस्तंभ आणि अनुमस्तिष्क या बातम्यांचा मेळ घालून स्नायूंना आज्ञा पाठवतात.

यांपैकी एक बातमी बंद झाली की इतर दोहोंवर भार वाढतो. एकोणिसाव्या शतकात मोरिट्झ रोम्बेर्ग या जर्मन वैद्याने असे रुग्ण वर्णिले की, ज्यांच्या पायांची संवेदना गेलेली होती. उजेडात ते उभे राहू शकत; डोळे मिटले की डोलू लागत. आजही डॉक्टर रुग्णाला पाय जुळवून डोळे मिटायला सांगतात, ती 'रोम्बेर्ग चाचणी' हीच होय.

सावरण्याचे हे काम पूर्णपणे आपोआप होते, विचार करणाऱ्या मेंदूला त्याची तोशीस लागत नाही, असा समज दीर्घकाळ होता. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने त्याला धक्का दिला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना डोळे बांधून, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे टेकवून उभे केले आणि कल्पनेतील चौकटीत कोणता अंक कोणत्या घरात आहे हे लक्षात ठेवायला सांगितले. बसून हेच काम करताना त्यांच्या जेवढ्या चुका होत, त्यापेक्षा उभ्याने अधिक झाल्या. ज्या पाठांतरात जागांचा संबंध नव्हता, त्याच्यावर मात्र उभे राहण्याचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे अवकाशातील जागांचा विचार आणि शरीराचा तोल, ही दोन्ही कामे मेंदूतील काही सामाईक साधने वापरत असावीत. तरुण, धडधाकट विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हे घडले, हे विशेष.

मेंदूचे काम बाहेरून कसे दिसते?

मेंदू कवटीत बंद आहे. त्याचे काम बाहेरून पाहण्याचा ध्यास जुना आहे. इटलीतील तूरिन येथे आंजेलो मोस्सो या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात एक विलक्षण तराजू बनवला. माणसाला फळीवर आडवे झोपवायचे, फळी मध्यावर नाजूकपणे तोलून धरायची आणि मग त्याला विचार करायला लावायचे. विचार करताना मेंदूकडे अधिक रक्त जाईल आणि डोक्याकडची बाजू खाली झुकेल, अशी त्याची अपेक्षा होती व तसे घडते असा त्याचा दावा होता. एवढ्या साध्या साधनाने असा सूक्ष्म बदल खात्रीने मोजणे कठीणच. परंतु काम करणाऱ्या मेंदूच्या भागाकडे रक्तप्रवाह वाढतो हा त्यामागील विचार पुढे खरा ठरला.

दुसरी वाट विजेची. मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत् प्रवाहांच्या द्वारे परस्परांशी संपर्क साधतात. १८७५ साली रिचर्ड कॅटन या ब्रिटिश वैद्याने प्राण्यांच्या मेंदूवर असे प्रवाह नोंदवल्याचे जाहीर केले. जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर याने १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत् नोंद घेतली आणि पाच वर्षे पडताळणी करून १९२९ साली ती प्रसिद्ध केली. यालाच आपण ईईजी अथवा विद्युत् मस्तिष्कालेखन म्हणतो. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागावर सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या लहरी दिसतात. त्यांना 'अल्फा' हे नाव बेर्गरनेच दिले. डोळे उघडले की त्या ओसरतात. मन एखाद्या कठीण कामात गुंतले की कपाळामागील भागात सेकंदाला ४ ते ८ आवर्तनांच्या 'थीटा' लहरी बहुधा वाढतात. हे संकेत व्होल्टच्या काही दशलक्षांशांएवढेच असतात.

तिसरी वाट प्रकाशाची. अंधारात विजेरीवर तळहात ठेवला तर बोटांच्या कडा लाल दिसतात, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. लाल आणि त्यापलीकडचा अदृश्य अवरक्त प्रकाश मांसातून काही अंतर पार करू शकतो. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. या गुणधर्माच्या आधारे जिवंत मेंदूतील प्राणवायूचे बदल टिपता येतात, हे फ्रान्स योबसिस याने १९७७ साली दाखवले. आज कपाळावर एक पट्टा बांधतात. त्यातील एका बिंदूतून प्रकाश आत सोडतात व सुमारे तीन सेंटिमीटरवरील दुसऱ्या बिंदूपाशी परत आलेला प्रकाश मोजतात. मोस्सोला जे फळीवर तोलायचे होते, तेच आता प्रकाशाने तोलले जाते.

एमआरआय यंत्र मेंदूचे आतले भागही दाखवते. परंतु त्यात निश्चल पडून राहावे लागते. पडून राहिलेल्या माणसाचा तोल कसा मोजणार? म्हणून तोलाच्या अभ्यासात ईईजीची टोपी आणि प्रकाशाचा पट्टा हीच साधने सोयीची ठरली. ईईजी सेकंदाच्या हजाराव्या भागातील बदल टिपते, पण संकेत नेमका कोठून आला हे ठामपणे सांगू शकत नाही. प्रकाशाचा पट्टा जागा बरी सांगतो, पण रक्तप्रवाह बदलायला काही सेकंद लागतात आणि प्रकाश मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंतच पोहोचतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून काही ठिकाणी दोन्ही एकत्र वापरतात.

प्रयोगाची रीत

प्रयोगाचे तीन भाग असतात. पहिल्यात व्यक्ती फक्त तोल सांभाळते : कधी पाय जुळवून, कधी एका पायावर, कधी मऊ स्पंजवर उभी राहून. पायांखालची संवेदनशील पट्टी शरीराचा भार क्षणोक्षणी कुठे सरकतो हे नोंदवते. दुसऱ्या भागात ती बसून केवळ बौद्धिक काम करते. उदाहरणार्थ, १०० मधून ७ वजा करत उलटे मोजणे : ९३, ८६, ७९... तिसऱ्या भागात दोन्ही कामे एकाच वेळी. मग तुलना करतात. समजा, बसून एका मिनिटात २० उत्तरे बरोबर आली आणि उभ्याने १६ आली, तर २० टक्के घट झाली. हा झाला दुहेरी कामाचा खर्च. तोलातही अशीच घट मोजतात आणि त्याच वेळी मेंदूत काय बदलले हे पाहतात.

अशा प्रयोगांतून काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत. उभे राहणे जितके अवघड, तितका मेंदूच्या वरच्या भागांचा सहभाग वाढतो. एका पायावर उभे राहणाऱ्याचा मेंदू दोन पायांवर उभ्या असलेल्यापेक्षा अधिक गुंतलेला असतो. दोन कामे एकत्र आली की कपाळामागील भागावर, म्हणजे नियोजन व अवधान यांच्या केंद्रांवर, बहुधा जास्त भार पडतो. काम हाताबाहेर जाऊ लागले की निरोगी माणूस सामान्यतः हिशेब सोडतो आणि तोल राखतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांत मात्र हा क्रम बिघडतो. ते उत्तर देत राहतात आणि पडतात.

तरीही सर्व निष्कर्ष एका रेषेत नाहीत. एखादे हलके काम मनाला दिले तर तोल उलट सुधारल्याचेही आढळते. आपल्या उभे राहण्याकडे फार लक्ष दिले की शरीराच्या सवयीच्या हालचालीत अडथळा येतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. वृद्धांमध्ये काही प्रयोगांत कपाळामागील हालचाल वाढलेली दिसते, काहींत कमी. वाढ म्हणजे मेंदू जादा कष्ट करून उणीव भरून काढतो आहे, असा अर्थ होऊ शकतो. आणि तेच काम त्याला महाग पडते आहे, असाही. म्हणून केवळ मेंदूचा आलेख पाहून 'चांगला' अथवा 'वाईट' असा शेरा मारता येत नाही. त्याच वेळी तोल कसा होता आणि उत्तरे किती बरोबर आली, हेही शेजारी ठेवावे लागते.

मोजमापाचा इतिहास आणि आपण

आता माझ्या विषयाकडे येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सॅम्युअल मॉर्टन कवट्यांत बिया आणि शिशाचे छरे भरून त्यांचे आकारमान मोजत असे आणि त्यावरून मानववंशांची उतरंड लावत असे. भारतात १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण काढले आणि ज्यांचे नाक अधिक रुंद त्यांचे सामाजिक स्थान अधिक खालचे, असा सिद्धांत मांडला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मोजमापाचेच आकडे घेऊन त्या कल्पनेची तपासणी केली. ब्राह्मण आणि अस्पृश्य निरनिराळ्या वंशांचे आहेत, हे त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. विज्ञानाला पाठ न फिरवता आकड्यांना आकड्यांनीच प्रश्न विचारण्याची ही रीत आपण विसरता कामा नये.

त्या जुन्या मोजमापात एका समूहाला दुसऱ्या समूहाशेजारी उभे करून दर्जा ठरवला जात होता आणि तो दर्जा जन्माने कायमचा मानला जात होता. तोल आणि विचार यांच्या प्रयोगात माणसाची तुलना आधी त्याच्या स्वतःशीच होते : हाच माणूस बसलेला असताना काय करू शकतो आणि अवघड जागी उभा असताना काय करू शकतो? कमी पडलेल्या गुणांचे कारण त्याच्या जन्मात न शोधता त्याच्यावर पडलेल्या भारात शोधले जाते. मला हा बदल मोठा वाटतो.

तरी नव्या यंत्रांकडेही डोळसपणे पाहावे. दाट, काळे केस आणि गडद त्वचा प्रकाश जास्त शोषतात. दाट, कुरळ्या केसांतून ईईजीची टोपी डोक्याला नीट टेकत नाही. अशा व्यक्तींचे संकेत क्षीण येतात आणि मग काही वेळा त्यांच्या नोंदीच वगळल्या जातात. असे होऊ लागले तर 'माणसाचा मेंदू' या नावाखाली काही थोड्याच माणसांचा मेंदू अभ्यासला जाईल. संशोधकांमध्ये या दोषाची आता उघड चर्चा होते, ही समाधानाची गोष्ट आहे. आपल्या शाळेतून विज्ञान शाखेकडे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आपला मानावा.

सेदक गावातील डोंबारी

संयुत्तनिकायातील सतिपट्ठानसंयुत्तात सेदक नावाचे सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध बांबूवर कसरत करणाऱ्या एका गुरूची आणि मेदकथालिका नावाच्या त्याच्या शिष्याची गोष्ट सांगतात. शिष्य गुरूच्या खांद्यावर चढतो. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य उत्तर देतो की तसे नको. प्रत्येकाने आपापला तोल सांभाळला तरच दोघेही सुखरूप खाली येऊ. तथागत शिष्याचे म्हणणे योग्य ठरवतात आणि पुढे समजावतात की जागरूकतेने स्वतःला सांभाळणारा इतरांनाही सांभाळतो. तसेच क्षमा, अहिंसा, मैत्री व करुणा यांनी इतरांना सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो.

बुद्धांना ईईजी ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक नवा शोध आपल्या जुन्या ग्रंथात आधीच होता असे सांगणे ही धम्माची सेवा नव्हे. मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. पालीत त्या कसरतपटूला 'चण्डालवंसिक' म्हटले आहे. ज्यांना समाजाने हीन लेखले त्यांच्या नावाशी जोडलेला हा शब्द आहे. सम्यक स्मृतीचा धडा देताना तथागतांनी दृष्टान्त घेतला तो राजाचा अथवा पुरोहिताचा नव्हे, तर पोटासाठी बांबूवर तोल सांभाळणाऱ्या माणसाचा. आपल्या गावोगावी दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हातातील आडव्या बांबूच्या टोकांत आणि तिच्या स्थिर नजरेत किती अवधान खर्च होते हे सांगावे लागणार नाही. त्या वेळी तिला कोणी पाढे विचारले आणि ती चुकली, तर तिला गणित येत नाही असे म्हणायचे काय?

वर्गात बसलेल्या मुलाचा तोल

सातारच्या शाळेत बाल भीमरावाला इतर मुलांपासून दूर, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे. शिपायाने नळ उघडल्याखेरीज पाणी मिळत नसे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात हे नमूद आहे. इतर मुले एक काम करत होती, शिकण्याचे. त्या मुलाला दोन कामे होती : शिकणे, आणि तहान व अपमान सोसत तिथे टिकून राहणे. बाबासाहेब तरीही विद्वान झाले, म्हणून त्या भाराला किंमत नव्हती असे ठरत नाही. त्या भाराखाली किती मुलांचे शिक्षण थांबले असेल, याची गणती कोणीच केलेली नाही.

गोणपाटाचा भार आणि एका पायावर उभे राहण्याचा भार एकच नव्हेत. ही तुलना माझी आहे. पण तिला आधार देणारे संशोधन भारतातही झाले आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी तोडणीपूर्वी, हात आखडता असताना, बौद्धिक चाचण्यांत कमी पडले आणि तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर, त्यांची कामगिरी सुधारली. त्या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. परंतु प्रश्न विचारण्याची पद्धत तीच आहे : माणूस बदलला की त्याच्या डोक्यावरचा भार?

निवासी शाळा हा याच प्रश्नाला दिलेला व्यवहारी जबाब आहे असे मी मानतो. दोन वेळचे जेवण, झोपायला कोरडी जागा, अभ्यासाला दिवा आणि नावावरून न हिणवणारे शेजारी, एवढे मिळाले की मुलाचे जे अवधान टिकून राहण्यात खर्च होत होते ते पुस्तकाकडे वळते. 'या मुलाचे लक्ष नसते' असा शेरा लिहिण्यापूर्वी त्याचे लक्ष कुठे खर्च होत आहे हे विचारावे, हा धडा मी वर्गात पुष्कळ उशिरा शिकलो. नव्या शिक्षकांनी तो लवकर शिकावा.

पालकांसाठी घरातील दोन गोष्टी. पायऱ्या चढता-उतरताना, ओल्या फरशीवर किंवा रस्ता ओलांडताना वृद्धांना प्रश्न विचारू नयेत, हातात फोन देऊ नये. ते सपाटीवर आले की बोलावे. आणि पूर्वी चालता चालता गप्पा मारणारी आजी आता उत्तरासाठी थांबू लागली, तर ते म्हातारपण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा, वाटेतील सतरंजीचा दुमडलेला कोपरा काढावा.

मुलांनी मात्र हा प्रयोग जरूर करून पाहावा. भिंतीजवळ, सोबत एक मित्र ठेवून एका पायावर उभे राहा आणि १०० मधून ७ वजा करत जा. आधी तोल जातो की आधी हिशेब चुकतो, ते मित्राला लिहून घ्यायला सांगा. मग बसून तेच करा. दोन्ही उत्तरांतील फरक वहीत मांडा. उभे राहण्याला किती खर्च येतो, हे त्या दोन ओळी सांगतील; आणि पुढे कधी कोणाला 'मंद' म्हणण्याची वेळ आली, तर ती वही आठवेल.